हौसेचे मोल

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपल्याकडे दोन अगदी निराळ्या प्रसंगी वापरली जाते. एखाद्या गृहस्थाने ऐपतीबाहेर खर्च करून मुलीच्या लग्नात सनई-चौघडा लावला, की शेजारीपाजारी ती थोड्या कौतुकाने आणि थोड्या कुचेष्टेने म्हणतात. तिथे तिचा अर्थ सरळ आहे: हौस करायची तर माणसाने खर्चाचा हिशेब करू नये. पण एखाद्या गुणी माणसाकडून फुकट काम करून घ्यायचे असले म्हणजेही हीच म्हण पुढे येते, आणि मग तिचा अर्थ पार पालटतो. ‘तुम्हांला गाण्याची एवढी हौस, हौसेला का कुठे मोल असते?’ पहिल्या प्रसंगी हौस ज्याची, खिसाही त्याचाच. दुसऱ्या प्रसंगी हौस एकाची आणि फायदा दुसऱ्याचा. एकाच म्हणीत औदार्य आणि चिकूपणा असे शेजारी-शेजारी नांदताना पाहून मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

या म्हणीचा विचार मी पुन्हा नव्याने करू लागलो तो एक इंग्रजी मालिका पाहिल्यापासून. ‘द इंग्लिश गेम’ ही सहा भागांची मालिका नेटफ्लिक्सवर २०२० साली आली. ‘डाउन्टन ॲबी’ लिहिणारे ज्युलियन फेलोज हे तिच्या कर्त्यांपैकी एक. आमच्या घरी ती तीन पिढ्यांनी मिळून पाहिली. नातवाला त्यात फुटबॉल हवा होता, सूनबाईंना त्या काळचे पोशाख आणि दिवाणखाने पाहायचे होते, आणि मला, खरे सांगायचे तर, जेवणानंतरचा तास घालवायचा होता. पण ती संपल्यावर खेळ आणि पोशाख बाजूला राहिले, आणि आमच्यात वाद जुंपला तो एका जुन्याच प्रश्नावर. आवडीच्या कामाचे पैसे घेतले, तर ती आवड विटाळते का?

मालिकेचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीचा. फुटबॉलला तेव्हा नुकते वळण लागत होते. १८६३ साली लंडनच्या एका खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. त्यापूर्वी प्रत्येक शाळेचा नियम वेगळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळावे, कुठे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे शिष्टसंमत. १८७१-७२ च्या हंगामात असोसिएशनने आपल्या चषकाची स्पर्धा सुरू केली. पहिली दहा वर्षे तो चषक बड्या शाळांचे माजी विद्यार्थी, लष्करी अधिकारी, विद्यापीठातले तरुण अशांच्याच हाती फिरत राहिला. त्यांतला मेरुमणी म्हणजे आर्थर किनेर्ड. पेढीवाल्यांच्या घराण्यातला, पुढे लॉर्ड झालेला, ईटन या शाळेचा विद्यार्थी. तो चषकाचे नऊ अंतिम सामने खेळला आणि त्यांतले पाच जिंकला. पुढे १८९० पासून १९२३ मध्ये मरेपर्यंत तोच असोसिएशनचा अध्यक्ष होता. मालिकेचा एक नायक हा.

दुसरा नायक फर्गस सूटर. ग्लासगोचा पाथरवट. १८७८ साली तो लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणगावात आला आणि तिथल्या संघातून खेळू लागला. त्याच्या आधी थोडे दिवस त्याचा सोबती जिमी लव्ह आला होता. सूटरने पाथरवटाचे काम थोड्याच दिवसांत सोडले. इकडचा दगड फार कठीण आहे, असे त्याने सांगितल्याची कथा आहे. दगड कठीण असेलही. पण हातातली छिन्नी खाली ठेवून हा माणूस जेवतो कसा, हा प्रश्न गावात ज्याला पडायला हवा होता त्याला पडला नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. त्याला खेळण्याचे पैसे मिळत होते. फक्त त्याची वाच्यता करायची नव्हती. फुटबॉल हा सभ्य माणसांचा विरंगुळा; त्याचे पैसे घेणे हे असभ्य, असा त्या काळचा संकेत होता. १८८२ मध्ये तो लेखी नियमच झाला: प्रत्यक्ष खर्च आणि खेळापायी खरोखर बुडालेली मजुरी, याहून एक पैसाही खेळाडूने घेता कामा नये.

डार्वेन हे गाव आपल्याला अगदीच परके नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरच्या गिरण्या पाहायला गेले होते. पंचा नेसलेले गांधीजी आणि त्यांच्याभोवती हसत, हात उंचावून उभ्या असलेल्या गिरणीतल्या बायका, हे छायाचित्र आपण अनेकांनी पाहिले आहे. ते डार्वेनचे. आपल्या बहिष्काराने ज्यांचे माग बंद पडले त्यांनीच गांधीजींचे असे स्वागत केले. त्याच्याही आधी, अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा याच भागातल्या गिरण्या ओस पडल्या आणि आपल्या मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा धूर निघाला. तेव्हा त्या गावाच्या पोटाशी आपल्या मुंबईचा धागा जुनाच आहे.

अशा या गावाच्या संघाची १८७९ ची हकिगत मोठी हृद्य आहे. आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लँकेशायरच्या गिरणीमालकांनी मजुरीत शेकडा दहा टक्के कपात केली होती. कामगारांनी संप केला, ब्लॅकबर्नजवळ मालकांच्या एका प्रतिनिधीचे घर जाळले गेले, आणि शेवटी संप फसून कपात कायम झाली. या पराभवाला वर्ष व्हायच्या आत डार्वेनचा संघ चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. गाठ पडली किनेर्डच्या ‘ओल्ड इटोनियन्स’शी. सामना लंडनला, ओव्हलच्या मैदानावर. गावापासून दोनशे मैलांचा प्रवास. इटोनियन्सनी पाच गोल केले, डार्वेनचा एकच होता. आणि मग शेवटच्या पंधरा मिनिटांत या गिरणीकामगारांनी चार गोल करून बरोबरी साधली. समोरचे दमले होते. डार्वेनने जादा वेळ खेळून निकाल लावू या म्हटले. इटोनियन्सनी नकार दिला. सामना पुन्हा घ्यायचा, आणि तोही लंडनलाच.

हा नकार नियमात बसणारा होता. कोणी काही लबाडी केली नव्हती. पण त्या नकाराची किंमत कोणी मोजली ते पाहावे. इटोनियन्सना पुन्हा मैदानावर यायचे म्हणजे गाडीतून शहरातल्या शहरात यायचे. डार्वेनच्या माणसांना दुसऱ्यांदा रजा, दुसऱ्यांदा बुडालेला रोज, दुसऱ्यांदा आगगाडीचे भाडे. गावाने वर्गणी काढली. ज्यांची मजुरी दहा टक्क्यांनी घटली होती त्यांनीच पेन्स-पेन्स गोळा करून आपली पोरे लंडनला धाडली. दुसरा सामना २-२ असा पुन्हा बरोबरीत. तिसऱ्यांदा वर्गणी, तिसऱ्यांदा प्रवास. आणि तिसऱ्या सामन्यात इटोनियन्सनी ६-२ असा विजय मिळवला. ‘फुटबॉल हा पैशाचा खेळ नव्हे’ असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने त्या दिवशी पैशानेच एक गोल तरी नक्की केला असला पाहिजे.

इथे मला त्या ‘हौशी’ शब्दाजवळ थोडे थांबावेसे वाटते. इंग्रजीतला ‘अमॅच्युअर’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘प्रेम करणारा’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आपला ‘हौशी’ही त्याच अर्थाचा. त्याच्या उलट ‘धंदेवाईक’. आपल्या रंगभूमीवरही हौशी आणि धंदेवाईक असे दोन तट वर्षानुवर्षे होते, आणि दुसरा शब्द उच्चारताना ओठ किंचित मुडपण्याची पद्धत होती. पण प्रेम करायलाही सवड लागते. सवड ही कुठून येते? १८५० च्या कायद्याने कापडाच्या गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद करायला लावल्या, तेव्हा लँकेशायरच्या कामगाराच्या हाती आठवड्यातली पहिली मोकळी दुपार लागली. शनिवारी दुपारी तीनला फुटबॉलचा सामना भरवण्याची रीत त्या कायद्याच्या पोटी जन्मली. कामगाराचे खेळावरचे प्रेम एवढे मोजून दिलेले: शनिवार दुपार, दोन ते अंधार पडेपर्यंत. किनेर्डच्या प्रेमाला मात्र घड्याळ नव्हते. म्हणून एकाचे प्रेम अधिक निर्मळ ठरले का? मला वाटते, एकाच्या प्रेमाचा खर्च वाडवडिलांनी आधीच चुकता केला होता, इतकाच काय तो फरक.

ज्याच्या घरी विहीर आहे त्याने पाणी विकत घेणाऱ्याला ‘तू पाण्याला किंमत लावतोस’ म्हणून हिणवावे, तसा हा प्रकार आहे.

आणि हा प्रकार तिकडचाच होता असे नाही. त्याच सुमारास, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आपल्या पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबावर पळवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला एक तरुण महिना चार रुपयांवर कामाला होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकत राहायचे. बॅट हाती घेण्याचे मात्र काम नाही. ती साहेबांची हौस. एकाच खेळपट्टीच्या एका टोकाला करमणूक उभी होती आणि दुसऱ्या टोकाला रोजगार. त्या चार रुपयांच्या चाकरीत बाळूंची फिरकी अशी घडली, की १९११ साली हिंदी संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले खरे. पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यात यायचा. पगार घेतला म्हणून बाळूंची कला हलकी झाली असे म्हणण्याची आज कोणाची छाती होईल? हलके झाले ते तंबूतले.

आता दुसरी बाजू. ती न पाहता निकाल देणे हे या हौशी मंडळींवर अन्याय करणे होईल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते, असे मी मानत नाही. खेळ जिंकण्यापेक्षा मोठा आहे, हे त्यांनी निदान तोंडाने तरी सांगितले, आणि त्यांतल्या काहींनी पाळलेही. १८८२ साली निघालेल्या ‘कॉरिंथियन’ या हौशी क्लबाविषयी असे सांगतात, की १८९१ मध्ये ‘पेनल्टी’चा नियम आला तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. सभ्य माणूस जाणूनबुजून आगळीक करीलच कशाला? म्हणून आपल्याला पेनल्टी मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारीत, आणि आपल्याविरुद्ध मिळाली तर गोलरक्षक खांबाला टेकून स्वस्थ उभा राही. ही गोष्ट ऐकून प्रथम हसू येते, आणि मग आजचे खेळाडू पंचांसमोर लोळण घेतात ते आठवून हसू विरते.

शिवाय, पैसा आला की पैशाचा न्याय येतो, ही त्यांची भीतीही खोटी ठरली नाही. सूटर १८८० मध्ये डार्वेन सोडून शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. अधिक पैशांसाठी गेला असे सारे म्हणत, आणि ते खरेच असावे. ज्या गावाने पेन्स-पेन्स जमवून त्याला लंडनला नेले, त्या गावाला काय वाटले असेल? दोन्ही गावांत त्यानंतर चांगलेच वितुष्ट आले. डार्वेनच्या त्या विणकराच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहतो, तेव्हा मला सूटरचा राग येतो. माझे सहा पेन्स त्याच्या पायात होते, आणि तो ते घेऊन चार मैलांवरच्या गावात गेला!

पण थोडा विचार केला की हा रागही निवळतो. डार्वेनमधला विणकर एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत दोन पेन्स अधिक मिळतात म्हणून गेला असता, तर त्याला कोणी गद्दार म्हटले असते का? घरात चार तोंडे खायला आहेत, एवढे म्हणून सगळे गप्प बसले असते. सूटरला ती सूट नाही, कारण त्याचे काम आपल्याला आवडते. आपल्याला ज्याच्या कामापासून आनंद मिळतो, त्याने तो आपल्याला प्रेमापोटी द्यावा अशी आपली इच्छा असते. ही इच्छा स्वाभाविक आहे, गोडही आहे. फक्त तिला हक्क समजू नये.

इथेच मला मालिकेच्या एका गोष्टीचे आश्चर्य वाटले. सूटर पैसे का घेतो आणि गाव का सोडतो, याचे तिने एक मोठे करुण कारण दिले आहे. ग्लासगोला त्याचा दारुडा बाप आहे, तो आईला मारतो, धाकट्या बहिणी आहेत, आणि आई-बहिणींची त्या घरातून सुटका करायला सूटरला पैसे हवे आहेत. ही घरची कथा नाट्यासाठी रचलेली आहे. प्रेक्षक हेलावतो, सूनबाईंच्या डोळ्यांना पाणी आले, माझ्याही आले. पण नंतर मनात आले, हे कारण लागले कशाला? किनेर्डला पेढीतून पैसे मिळतात, त्याचे कारण कोणी विचारीत नाही. वकील फी घेतो तेव्हा ‘आई आजारी आहे’ असे सांगत नाही. एका पाथरवटाच्या पोराच्या अंगी कसब होते, ते पाहायला हजारो लोक दारावर पैसे देऊन येत होते, आणि त्या पैशांतला वाटा त्याने मागितला. एवढे कारण पुरेसे नाही का? गरिबाने मोबदला मागितला की त्याने आधी आपले दुःख मांडून दाखवावे, ही अट सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर, त्याचीच बाजू घेणाऱ्या मालिकेलाही सोडवत नाही. याचकाला कारण द्यावे लागते. कामगार हा याचक नव्हे.

मालिकेने आणखी एक बदल केला आहे, आणि तो मला अधिक टोचला. १८८३ साली कामगारांच्या संघाने प्रथमच तो चषक जिंकला, इटोनियन्सना २-१ असे हरवून. तो सामनाही ठरलेल्या वेळात बरोबरीत सुटला होता. पण या खेपेस अर्धा तास जादा खेळवला गेला आणि त्यात निर्णायक गोल झाला. मालिकेत तो विजय सूटरच्या नेतृत्वाखाली मिळतो. वास्तविक सूटरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याचा रोव्हर्स संघ आदल्या वर्षी, १८८२ मध्ये, अंतिम सामन्यात याच इटोनियन्सकडून हरला होता. १८८३ मध्ये जिंकला तो ब्लॅकबर्नचाच दुसरा संघ, ब्लॅकबर्न ऑलिंपिक. त्यात विणकर होते, सूत कातणारा होता, नळदुरुस्ती करणारा होता, ओतशाळेतले कामगार होते. निर्णायक गोल मारणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीतला. सूटरला पुढे १८८४, १८८५ आणि १८८६ असे ओळीने तीन चषक मिळाले. त्याला उसन्या चषकाची गरज नव्हती.

नाटककाराला इतिहास थोडा वाकवावा लागतो, हे मला मान्य आहे. सहा तासांत दोन संघ, दोन नायक आणि काही वर्षे बसवायची म्हणजे काही तरी कापावे लागणारच. पण कापताना कोणाचे कापले? त्या अकरा जणांचे. कष्टाच्या मोलाची कैफियत मांडता-मांडता अकरा कामगारांच्या कष्टाचे श्रेय सोयीस्करपणे दुसऱ्याच्या नावावर चढले. श्रेय ही देखील एक मजुरीच आहे, आणि जे मेले आहेत त्यांना तर तीच एक द्यायची राहिलेली असते. सूटरचा सोबती जिमी लव्ह, इंग्लंडात पैसे घेऊन खेळलेल्या अगदी पहिल्या खेळाडूंपैकी एक, पुढे आरमाराच्या पलटणीत भरती झाला आणि १८८२ मध्ये इजिप्तमध्ये आजाराने मेला. त्याला ना चषक मिळाला ना पैसा. अशा माणसांचे नाव तरी ज्याचे त्याला द्यावे.

प्रत्यक्षात तो वाद कसा मिटला हेही सांगायला हवे. १८८४ च्या आरंभी प्रेस्टन या संघावर पैसे दिल्याचा आरोप झाला. त्याचा चालक विल्यम सडेल याने सरळ कबूल केले, की आम्ही खेळाडूंना गावात नोकऱ्या लावून देतो. आणि सगळेच देतात. संघ स्पर्धेतून बाद झाला. पण उत्तरेकडचे क्लब वेगळी संघटना काढायला निघाले, आणि जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने पैसे घेऊन खेळण्यास अखेर परवानगी दिली. त्यानंतर तीन वर्षांत, १८८८ मध्ये, बारा क्लबांची ‘लीग’ सुरू झाली.

न्याय झाला म्हणून आपण टाळी वाजवावी तोच पुढची गोष्ट ऐकावी लागते. १९०१ पासून खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा घालण्यात आली: आठवड्याला चार पौंड. ही मर्यादा वाढत-वाढत १९६१ पर्यंत टिकली, तेव्हा ती वीस पौंड होती. मैदाने तुडुंब भरत, दारावरचे उत्पन्न वाढे. पण खेळाडूने अधिक मागितले की त्याला खेळावरच्या प्रेमाची आठवण करून दिली जाई. जिमी हिल याच्या पुढाकाराने खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा कुठे ती मर्यादा उठली. म्हणजे हौशी साहेब गेले, त्यांच्या जागी व्यवहारी मालक आले, पण प्रेमाचे प्रवचन तसेच राहिले. कारण ते प्रवचन स्वस्त पडते.

आणि आता मर्यादा उठून साठ-पासष्ट वर्षे झाल्यावर फुटबॉलमध्ये पैशाचा जो महापूर आला आहे, तो पाहून कोणी म्हणेल, ‘बघा, शेवटी किनेर्डची मंडळीच खरी ठरली.’ मला तसे वाटत नाही. दाम घेणे ही एक गोष्ट आहे आणि दामासाठी काहीही करणे ही दुसरी. पहिली सरळ आहे. दुसरी वाईट आहे, आणि ती वाईट असायला माणसाने धंदेवाईक असलेच पाहिजे असे नाही. फुकट काम करणारे लबाड मी पाहिले आहेत, आणि चोख पैसे घेऊन जीव ओतणारे प्रामाणिकही पाहिले आहेत. किनेर्डच्या मंडळींनी या दोन गोष्टींची गाठ मारली, आणि ती गाठ अजून आपल्या मनात सुटलेली नाही.

ती सुटलेली नाही हे कळायला विलायतेला जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवाच्या बैठकीला मी हजर होतो. गाण्याचा कार्यक्रम ठरत होता. कार्यवाह तबलजींना म्हणाले, ‘‘बुवा, तुमच्या कलेचं मोल आम्ही काय करणार? गणपतीची सेवा समजा.’’ तबलजी साठीचे, शिकवण्यांवर घर चालवणारे. ते शांतपणे म्हणाले, ‘‘सेवा करीन की. पण मांडववाल्यालाही असंच सांगितलंत का?’’ कार्यवाह हसले. ‘‘अहो, त्याचा तो धंदा आहे.’’ बुवा म्हणाले, ‘‘आणि माझा?’’ बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. अखेर त्यांना पैसे द्यायचे ठरले. जमाखर्चाच्या वहीत ते ‘मानधन’ म्हणून लिहिले गेले.

आपली भाषा या बाबतीत मोठी चतुर आहे. गवंड्याला मजुरी, गवयाला बिदागी, भटजींना दक्षिणा, व्याख्यात्याला मानधन. काम जितके मानाचे, तितका पैशावर पडदा जाड. हा पडदा ठेवायला माझी हरकत नाही. त्यात एक शालीनता आहे. मात्र पडद्याआड काही तरी असावे! पुष्कळदा मान तेवढा हाती येतो आणि धन वाटेतच राहते. आणि जिच्या कामाला यांपैकी एकही शब्द नाही, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. दिवाळीच्या आधी आठ दिवस चुलीपुढे, आता गॅसपुढे, उभी असलेली घरची बाई ते सारे ‘हौसेने’ करते असे आपण म्हणतो. करतेही. पण ती हौस तिने सांगायची, की चकली खात-खात आपण?

या वादात माझ्या एका स्नेह्याने गीतेचा दाखला दिला: फळाची आशा न धरता कर्म करावे. दाखला थोर आहे, पण तो कोणाच्या तोंडी शोभतो ते पाहिले पाहिजे. निष्काम कर्माचा उपदेश काम करणाऱ्याने आपल्या मनाला करायचा असतो. काम करवून घेणाऱ्याने त्याला करायचा नसतो. सूटरने, बाळूंनी, त्या तबलजींनी फळावर नजर ठेवू नये, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. आपण, ज्यांच्या ताटात ते फळ पडणार आहे त्यांनी, ते ठरवले की त्याला अध्यात्म म्हणत नाहीत.

पैसे न घेता केलेल्या कामाची थोरवी मी नाकारीत नाही. उलट ती खरी थोरवी ठरायची असेल, तर माणसाला पैसे घेण्याची मोकळीक आधी हवी. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नाही त्याने दिलेले दान हे दान नव्हे. डार्वेनच्या विणकरांनी कपात झालेल्या मजुरीतून वर्गणी दिली, ती मात्र हौसेचे अगदी शुद्ध रूप होते. ती कोणी मागून घेतली नव्हती, आणि तिच्यात दुसऱ्याचा खिसा नव्हता. आपली म्हण शोभली तर त्यांनाच शोभली.

दिवाळी आली, की पेपरवाला, झाडूवाली, दूधवाला, सोसायटीचा पहारेकरी यांना आपण पोस्त देतो. ती देताना आपल्यालाही बरे वाटते, त्यांच्याही चेहऱ्यावर चार दिवे लागतात. ही जुनी रीत गोड आहे, ती जरूर पाळावी. पण पाकीट हातावर ठेवण्याआधी, गेल्या महिन्याचा पगार आपल्याकडे राहिला नाही ना, एवढे एकदा वहीत पाहून घ्यावे.